जुन्या जीपची चासी : गंज आणि घरची दुरुस्ती

या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली होती, ती ही की लेख सभासदांच्या घरी उपयोगी पडणारा असावा. मी पडलो शाळामास्तर, त्यातून गणित आणि विज्ञान शिकविणारा. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ घरांत दर पावसाळ्यानंतर ज्यावर खल होतो तोच विषय घेतो : अंगणात उभी असलेली जुनी जीप आणि तिची गंजलेली चासी.

ही जीप कोणाकडे सोनगड-नवापूरकडच्या शेतावर जाण्यासाठी असते, कोणाकडे डांगच्या रानवाटांच्या हौसेपायी, तर कोणाकडे केवळ वडिलांनी घेतली होती म्हणून. इंजिन बिघडले की ते खोकते, ब्रेक बिघडला की पायाला कळते. चासी मात्र शेवटपर्यंत काही बोलत नाही. वर नवा रंग, नवे कापडी छत, पॉलिश केलेले बंपर, आणि खाली ज्या लोखंडावर सारा भार उभा आहे त्याची पोळी झालेली, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. मागच्या बाकावर लेकरे बसविताना निदान त्या बाकाखाली काय आहे एवढे तरी घरच्या माणसाने पाहिले पाहिजे, हा या लेखाचा हेतू.

ह्या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. महिंद्रा बंधू आणि गुलाम महंमद यांनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ नावाने व्यवसाय सुरू केला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगाव येथे ते जोडले जाऊ लागले. १९५३ साली अमेरिकेत निघालेला उंच बॉनेटचा ‘सीजे-३बी’ हा नमुना आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिला, आणि त्याच वंशातील ‘एमएम ५४०’सारख्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. बॉडी बदलली, इंजिन पेट्रोलचे डिझेल झाले. खालची चासी मात्र शिडीच्या घाटाचीच राहिली.

शिडीच्या म्हणजे कशा, तर समोरून मागे जाणाऱ्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, ज्यांना कारागीर क्रॉस मेंबर म्हणतात. लांब पट्टी सपाट नसते, ती पन्हाळीसारखी तीन बाजूंनी वळविलेली असते. काही ठिकाणी चौथी बाजूही बंद करून तिची पेटी केलेली असते. हिच्यावर पाट्यांचे हँगर, इंजिनाचे पाय, स्टिअरिंगची पेटी आणि बॉडी बसते. पन्हाळीचा घाट का, हे समजण्यास मुलाची फूटपट्टी घ्यावी. ती आडवी धरून दाबली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही. भार पडला की पट्टीची वरची कड दबते व खालची ताणली जाते, मधल्या उभ्या भागावर ताण सर्वांत कमी असतो. म्हणूनच चासीला कारखान्यातून जी भोके येतात ती बहुधा उभ्या भागाच्या मध्यावर असतात. यावरून उघड होते की उभ्या भागाच्या मध्यावरचे पैशाएवढे भोक आणि खालच्या कडेवरचे तेवढेच भोक यांना एकच मोल देता येणार नाही. दुसऱ्याने गाडी अडखळू शकते. पहिल्याने सहसा नाही.

आता गंजाकडे येऊ. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज होतो हे आपण शाळेत शिकतो. पण एवढ्यावर भागत नाही. या क्रियेत लोखंडाच्या अंगावर बारीकशी विजेची घटमाला तयार होते, आणि त्या घटमालेला मीठ म्हणजे जणू खतपाणी. सुरतेची हवा खाडी आणि समुद्राची. हजिरा-डुमसकडून येणारा वारा लोखंडावर मिठाचा सूक्ष्म थर सोडतो, तो थर हवेतील ओल ओढून घेतो, आणि पाऊस नसतानाही गंजाचे काम चालू राहते. त्यात आपली तरुण मंडळी हौसेने जीप डुमसच्या काळ्या वाळूत, भरतीच्या रेषेपर्यंत नेतात. अशा फेरीनंतर वरून गाडी पुसली जाते. वाळू जाऊन बसते ती मात्र खालच्या पेटीत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. चिखलाच्या थराखाली हवा कमी पोहोचते, म्हणून तेथे लोखंड सुरक्षित राहील असे वाटते. घडते याच्या विरुद्ध. जेथे प्राणवायू कमी आणि शेजारी जास्त, तेथे कमी प्राणवायूच्या जागचे लोखंड आधी झिजते. म्हणून मोकळी, वाऱ्यावर असलेली पट्टी वरवर तांबडी दिसूनही शाबूत असते. आणि जेथे दोन पत्रे एकावर एक बसविले आहेत, जेथे बॉडीखाली रबर किंवा कॅनव्हासची गादी आहे, जेथे पेटीत गाळ साचला आहे, तेथे आतून पोखरण चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तो माजला की पाचर ठोकल्यासारखे पत्रे एकमेकांपासून फाकतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ज्या गाड्या गाळात उभ्या राहिल्या, त्यांतील काहींच्या चासीच्या पेटीतून पुढे बरीच वर्षे वाळलेला गाळ निघत असे. बाहेरून धुतलेली गाडी आतून धुतली गेलेली नसते.

तेव्हा पहिले काम तपासणीचे. जीप सपाट फरशीवर घ्यावी, चाकांना दगड लावावेत, आणि जॅकवर कधीही न विसंबता चारी बाजूंना लोखंडी घोड्या द्याव्यात. मग छोटा हातोडा आणि खडू घेऊन पुढून मागे प्रत्येक वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जावे. निकोप लोखंड घंटेसारखे वाजते. कुजलेले दबका आवाज देते, जसे पिकलेले आणि कच्चे कलिंगड आपण बोटाने ओळखतो. दबका आवाज येईल तेथे खडूने वर्तुळ करून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. जीपमध्ये विशेषेकरून पाहण्याच्या जागा म्हणजे सर्वांत मागचा क्रॉस मेंबर, मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल जेथे बसतात त्या भोवतालची लांब पट्टी, बॉडीच्या गाद्यांखालची जागा, आणि पुढे स्टिअरिंगच्या पेटीचा आधार. जुनी गाडी विकत घेत असाल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. जाड काळ्या रंगाखाली लांबी किंवा फायबर भरलेले असेल तर तेथे चुंबक धरत नाही. सबंध चासी ताज्या डांबरी रंगाने चकचकीत केलेली दिसली तर मला तरी आनंदापेक्षा संशयच अधिक येतो.

आता घरी काय करावे आणि काय करू नये. साफ करणे, मोजणे, नकाशा काढणे, ठिगळाचा पत्रा कापून घासून तयार ठेवणे, गंजनाशक द्रव्य व रंग लावणे, आतल्या पेटीला संरक्षण देणे, एवढे कोणीही सावध गृहस्थ घरी करू शकतो. आणि कामाचा मोठा वाटा हाच आहे. वेल्डिंग मात्र ज्याचा हात बसला आहे त्यानेच करावे. घरात कोणी आयटीआय शिकलेला असेल तर उत्तम, नसेल तर मशीनसह कारागीर अंगणात बोलवावा. पट्टीची खालची कड हातभर लांबीत गेली असेल, किंवा एकाच जागी दोन्ही लांब पट्ट्या कुजल्या असतील, तर ते अंगणातले काम राहात नाही. चासी साच्यावर बसवून काम करणारे कारखाने असतात, तेथे न्यावी. तेही परवडत नसेल तर गाडी उभी ठेवावी. हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांना जड जातो याची मला कल्पना आहे.

काम माघ-फाल्गुनात काढावे. थंडी ओसरलेली असते, हवा कोरडी असते, आणि मृगाआधी रंग पक्का व्हायला दोन-तीन महिने मिळतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर विजेच्या वेल्डिंग मशीनशी खेळणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

ठिणगी उडण्यापूर्वी आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात. नंतर पेट्रोलची टाकी. जुन्या विलीज नमुन्यात ती ड्रायव्हरच्या आसनाखालीच असते, म्हणजे लांब पट्टीच्या अगदी शेजारी. ती काढून अंगणाबाहेर दूर ठेवावी. ‘टाकी रिकामी आहे, राहू द्या’ असे कोणी म्हणेल. पण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. चासीलगत जाणाऱ्या तेलाच्या व ब्रेकच्या नळ्या सोडून बाजूस बांधाव्यात. जवळ वाळूची बादली व पाणी ठेवावे. मुलांना त्या दिवशी मामाच्या घरी धाडलेले बरे, कारण वेल्डिंगच्या उजेडाकडे पाहण्याचा मोह त्यांना आवरत नाही आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा बोल्ट तापविला तर त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. जस्त आधी घासून काढावे.

यानंतरचे काम मोजणीचे. त्यात माझा जीव अधिक रमतो आणि कारागीर मंडळी ते बहुधा टाळतात. कुजलेला भाग कापल्यावर शिडी सैल होते, आणि त्या स्थितीत वेल्डिंग झाले तर गाडी आयुष्यभर तिरकी चालते. म्हणून कापण्यापूर्वीच माप घ्यावे. दोन्ही लांब पट्ट्यांवर समोरासमोरची चार ठिकाणे निवडावीत, उदाहरणार्थ पाटा बसविण्याच्या बोल्टांची भोके. प्रत्येक ठिकाणाहून गवंड्याचा ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने खूण करावी. गाडी हलवून बाजूला घेतली तरी फरशीवर चार बिंदूंचा आयत उरतो. त्याचे दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. आयत खरा असेल तर कर्ण समान येतील.

बाजू मोजल्या तर पुरे, कर्ण कशाला, असा प्रश्न माझे विद्यार्थीही विचारतात. समजा पट्ट्यांमधील अंतर ७५ सेंटिमीटर आणि निवडलेल्या भोकांमधील लांबी २०० सेंटिमीटर आहे. पायथागोरसाच्या नियमाने कर्ण सुमारे २१३.६ सेंटिमीटर येतो. आता एक पट्टी दुसरीपेक्षा फक्त १ सेंटिमीटर पुढे सरकली. बाजूंची लांबी पूर्वीइतकीच आहे, पट्ट्यांमधील अंतरही तेच. फितीला काही दिसणार नाही. पण एक कर्ण होतो २१४.५ आणि दुसरा २१२.७, म्हणजे फरक जवळजवळ २ सेंटिमीटरचा. बाजू जो दोष लपवितात तो कर्ण दुप्पट करून दाखवितात. माझ्या मते कर्णांतील फरक अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक दिसला तर काम तेथेच थांबवून चासी आधी सरळ करून घ्यावी. मोजलेले आकडे वहीत लिहावेत आणि वेल्डिंगच्या आधी, मधून व शेवटी पुन्हा पडताळावेत. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या टाके घालून आडव्या बांधल्या तर शिडी हलत नाही.

ठिगळाचा नियम एकच : कुजलेल्यावर ठिगळ नको. माझ्या परिचयातील एका घरच्या जीपवर एका गॅरेजने गंजलेल्या पट्टीवरच नवी पट्टी चढवून चारी बाजूंनी शिवून दिली होती. दिसायला काम देखणे. तीन पावसाळ्यांनी नवी पट्टी फुगली, कारण आतल्या जुन्या गंजाला ओल मिळत राहिली आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. शेवटी काढायला गेले तेव्हा जुने व नवे दोन्ही टाकून द्यावे लागले. म्हणून ग्राइंडरने चकाकणारे, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत कापत जावे. मूळ जाडी त्याच चासीच्या निकोप भागावर मोजून तेवढ्याच जाडीचा साधा पोलादी पत्रा घ्यावा. जाड पत्रा अधिक मजबूत हा समज चुकीचा आहे. पातळ आणि जाड यांच्या सांध्यावर ताण एकवटतो आणि चीर तेथेच पडते. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. सांधा पट्टीला काटकोनात सरळ आडवा न घेता तिरका घ्यावा, म्हणजे सारा जोड एकाच रेषेत येत नाही. कडांच्या टोकांवर विनाकारण आडवे वेल्डिंग करू नये. कडेवर ताण सर्वांत जास्त असतो हे वर सांगितलेच आहे.

वेल्डिंग करताना कारागिराला घाई करू देऊ नये. एका दमात लांब शिवण घातली तर लोखंड तापून ओढले जाते. इंच-दीड इंचाचा टाका एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस, मग गार होऊ द्यायचे, असा क्रम ठेवावा. साध्या मशीनवर २.५ मिलिमीटरच्या काठीला साधारण ६० ते ९० अँपिअर प्रवाह लागतो. ओलसर काठ्या वापरू नयेत, आपल्या हवेत उघडी पडलेली पुडी दमट होतेच. टाक्यावरचा मळ हातोडीने उडवून खालचे लोखंड पाहावे. सुईच्या भोकांसारखी छिद्रे दिसली तर तो टाका घासून पुन्हा घालावा. कारागीर नाराज होईल, होऊ द्यावे.

आता रंग. दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखविले, की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्याच्या अंगावर एक संरक्षक पापुद्रा तयार झाला. आपल्या चासीच्या पोलादात तेवढा फॉस्फरस नसतो, पण बाजारात मिळणारी फॉस्फोरिक आम्लाची द्रावणे काहीसे तेच काम वरवर करतात. ती पातळ, घट्ट गंजावरच लागू पडतात. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतली तर वरचा थर काळा होतो आणि खाली चालायचे ते चालूच राहते. तारेच्या ब्रशाने आधी सारे सुटे काढावे, द्रावण लावावे, डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवावे, मग प्रायमर. जस्ताचे प्रायमर वापरणार असाल तर ते उघड्या चकचकीत लोखंडावरच लावावे. जस्त आपण झिजून लोखंडाला वाचविते, पण त्यासाठी त्याचा लोखंडाला स्पर्श हवा. मध्ये गंज किंवा द्रावणाचा थर असला तर तो तांबड्या रंगासारखाच एक रंग.

डांबरी जाड लेपाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तो नवा असताना शोभतो. दगड लागून तडकला की पाणी आत शिरते आणि वरून काही दिसत नाही. जळके इंजिन ऑइल फासण्याची जुनी चाल तर सोडावीच. ते रबराचे बुश खाते, धूळ धरते आणि अंगणाची माती नासविते. बाहेरून चांगला रंग, आणि पेटीच्या आत लांब नळीने फवारलेले मेण किंवा लोकरीच्या चरबीचे तेल, हे मला बरे वाटते. मेणाच्या आधी पेटी आतून धुऊन दोनचार दिवस उन्हात कोरडी होऊ द्यावी, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल. वेल्डिंग झालेल्या भागाची आतली बाजू तर विसरूच नये, कारण उष्णतेने तेथला जुना रंग जळून गेलेला असतो.

कायद्याची बाजूही आहे. चासीवर ठोकलेला नंबर म्हणजे गाडीची ओळख. ग्राइंडर किंवा ब्रश फिरविण्यापूर्वी तो शोधून वर चिकटपट्टी लावावी आणि कोणत्याही कारणाने तो भाग कापू नये. कुजलेल्या तुकड्याची दुरुस्ती वेगळी आणि सबंध चासी बदलणे वेगळे. बदलायची झाल्यास आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते, त्या वेळी गाडी तपासणीस न्यावी लागते. वहीतील मोजमापे आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे जपून ठेवली असतील तर तेथे बोलणे सोपे जाते.

काम पुरे झाल्यावर पहिले पंधरा दिवस गाडी रिकामी, हळू आणि जवळपास चालवावी. मग पुन्हा खाली शिरून प्रत्येक टाक्याच्या टोकाला केसाएवढी चीर आहे का ते विजेरीने पाहावे, आणि ओळंबा लावून कर्ण पुन्हा मोजावेत. डुमसहून आले की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्याकडच्या वस्तीत बोअरचे पाणी खारट असते, त्याने धुणे म्हणजे मीठ चोळणे. चासीच्या तळाला पाणी निथळण्यासाठी कारखान्याने बारीक भोके ठेवलेली असतात. ती रंगाने किंवा चिखलाने बुजतात. गणपतीनंतर पाऊस ओसरला की सायकलच्या आऱ्याचा तुकडा घेऊन ती एकेक मोकळी करावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते शाळकरी मुलगाही करू शकतो.